बेंबीवरची रेघ

धनुबाई आईच्या पोटातून पायांनी आली. आधी पाय, मग धड आणि डोकं सगळ्यात शेवटी. सुईणीनं नाळ कापायच्या आधीच सांगून टाकलं, "पोर पायाळू शे. हिन्हा पायले मान शे, सांभाळज्यात." त्या दिवसापासून पोरीच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या. आभाळ गडगडलं की तिला घरातल्या आतल्या कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसवायचं, कारण पायाळूवर वीज पडते. आणि गावात कुणाच्या कमरेत चमक भरली, पाठीत उसण निघाली की तिला हाताला धरून पुढं करायचं, कारण पायाळूची लाथ बसली की पाठ मोकळी होते.

लहानपणी तिला मोठी गंमत वाटायची. मोठाली मिशीवाली माणसं अंगणात पालथी पडायची आणि ही परकर वर धरून त्यांच्या पाठीवर पाय द्यायची. पुढं पुढं मात्र तिच्या तळव्याला खरंच काहीतरी कळायला लागलं. कुठं गाठ धरलीय, कुठं शीर ताठलीय, कुठं नुसताच वात आहे, ते टाच ठेवल्या ठेवल्या समजायचं. एक नारळ सोडला तर तिनं कधी कुणाकडून काही घेतलं नाही. नारळही देवाचा म्हणून.

ती तापीकाठच्या रेवखेड्याला उखा पाटलाची बायको म्हणून आली तेव्हा हळद उतरायच्या आधीच पहिला रोगी दारात उभा. गावातला म्हातारा दोधू पाटील, कमरेत वाकून नुसता काटकोन झालेला. आता नव्या नवरीनं ज्याच्यासमोर तोंड उघडं करायचं नाही त्याच्या पाठीवर पाय कसा द्यायचा? सासू जमनाबाईनं तोड काढली. धनुबाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला, म्हाताऱ्याला आधी हात जोडले आणि मग हळूच पाय लावला.

"माय व, जोरमा मार!" दोधू पाटील खालून ओरडला. "मी काय कणीकना गोया शे का?"

तिनं दातावर दात धरून टाच हाणली. म्हातारा उठला, सरळ झाला, काठी विसरून घरी गेला. गाव आठ दिवस हसत होतं. उखा तर वर्षभर म्हणायचा, "मन्ही पाठ काब्र धरत नही ते माहीत शे का? मी रोज लाथा खास."

"खातस ना? मंग गुमान ऱ्हावो," ती म्हणायची.

उखा तिला चारचौघांत तापीनी माय म्हणायचा. तापी ही त्यांची एकुलती पोर. आडव्या हाडाचा, फुटक्या आवाजाचा माणूस. मोट हाकताना गायचा तेव्हा बैलसुद्धा कान पाडायचे. त्याची आणि थोरला भाऊ भटू याची मिरची एकाच विहिरीवर भिजायची. नंदुरबारच्या बाजारात रेवखेड्याची मिरची आली की व्यापारी शिंकत शिंकत उठून उभे राहत, असं तो सांगायचा. खरं खोटं देव जाणे.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या चार-पाच वर्षं आधीची. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. पौषातली सकाळ होती, मिरचीला पाणी चाललं होतं. कातड्याची मोट विहिरीत भरली की बैल उताराच्या धावेवरून खाली उतरायचे, मोट वर यायची, काठावरच्या दगडी कुंडात, थारोळ्यात, रिकामी व्हायची आणि पाणी पाटानं मळ्यात धावायचं. बैल उतरताना उखा मोटेच्या जाड दोरावर, नाड्यावर, बसायचा, म्हणजे त्याच्या भारानं बैलांना जोर मिळायचा. सगळेच मोटकरी असे बसतात. मोटेचा नाडा चाकावर घासून घासून एका जागी झिजला होता. भटूनं नवा नाडा आणून ओसरीत टांगलासुद्धा होता. एवढी पाळी होऊ दे मग बदलू, असं त्याचं चाललं होतं.

भरली मोट थारोळ्याच्या तोंडाशी आली आणि नाडा तुटला.

बैल पुढं फेकले गेले, मोट धाडकन पाण्यात गेली आणि उखा हवेत उडून उताणा पडला. धावेच्या कडेला दगड रचले होते. त्यातल्या एकावर त्याच्या पाठीचा मधला भाग आपटला. आवाज मिरची तोडणाऱ्या धनुबाईच्या कानापर्यंत गेला. टोपली टाकून ती धावत सुटली. सगळ्यांच्या आधी तीच पोचली. भटू आणि दोन गडी उधळलेल्या बैलांमागं पळाले होते.

उखाचे डोळे उघडे होते. बायकोसमोर पडलो म्हणून तो ओशाळं हसला.

"बैलं दख. पाय तर नही मोडना त्यास्ना?"

"बैलस्ले काय धाड भरनी? तुम्हले कोठे लागनं?"

"पाठमा. आनि पायले मुंग्या उन्यात."

ती त्याच्या पायांशीच बसली होती. हाताला आला तो त्याचा उजवा अंगठा तिनं धरला. "हालावा बरं."

अंगठा हालला. फार नाही, पाण्यातल्या शेंगेसारखा थोडासा डुलला, पण हालला. तिच्या बोटांना ते समजलं आणि त्यालाही दिसलं. "हालना ना?" तो म्हणाला. "हालना," ती म्हणाली. दोघांच्याही जिवात जीव आला.

तेवढ्यात भटू गड्यांसह धापा टाकत आला. भाऊ जिता आहे, बोलतो आहे, हे पाहून त्याचा धीर परत आला, आणि धीराबरोबर घाईही आली. ओसरीत टांगलेला नवा नाडा त्याच्या डोळ्यांसमोर लोंबत असणार. त्याला हे सगळं नुसती उसण म्हणूनच हवं होतं.

"काही नही, उसण भरनी. उचला रे त्याले, थारोळाजोडे लई चला."

दोघा गड्यांनी बगलांत हात घातले, भटूनं पाय धरले. उखा मधून झोळीसारखा लोंबत गेला आणि एकदा असा विव्हळला की धनुबाईनं कानांवर हात नेले. थारोळ्याजवळच्या सपाट जागेवर त्यांनी त्याला पालथा घातला.

"तापीनी माय, दे पाय," भटू म्हणाला.

धनुबाईनं आधी हात फिरवला. पाठीच्या मधोमध, जिथं कणा सरळ उतरायला हवा, तिथं पायरी झाली होती. एक मणी वर उचकलेला, त्याखालचा आत गेलेला. असं तिच्या हाताला कधी लागलं नव्हतं.

"आठे काहीतरी येगळंच शे. मी पाय देवाव नही."

"बठा गावले पाय देस, आनि घरना माणूसले नही?" भटू तडकला. "आते त्याले काय नारय आनाले धाडू?"

गडी हसले. खालून, मातीत तोंड खुपसलेला उखाही हसला. "दे व. एकदाव दे. उठीसन मोट काढनी शे अजून."

तिनं पदर खोचला, हात जोडले आणि टाच ठेवली.

जोर तिनं नेहमीच्या निम्मा लावला. पण टाचेखाली काहीतरी सरकलं, ओल्या मातीत खुंटी सरकावी तसं. नेहमी माणसं आई गं म्हणतात आणि मग हसतात. उखा काहीच बोलला नाही. त्याच्या नाकासमोरची धूळ श्वासानं हालत होती तेवढीच.

"दे ना आते," तो थोड्या वेळानं म्हणाला.

"दिधा. कव्हयना."

"मंग मन्हा पाय कोठे गयात?"

ती धावत त्याच्या पायांशी गेली. तिनं अंगठा धरला. "हालावा." तो थंड पडला नव्हता, काही झालं नव्हतं त्याला, तोच अंगठा होता. "हालावा ना!" तिनं चिमटा काढला, नख रुतवलं.

"काय करी ऱ्हायनी तू मांगे?" उखानं विचारलं. त्याला कळलंच नव्हतं.

अंगठा आधी हालला होता, हे फक्त त्या दोघांना माहीत होतं.

त्याला घरी आणला. जमनाबाईनं ऊर बडवला, मग पदर खोचून कामाला लागली. विटा तापवल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि लेकाच्या मांड्या शेकल्या. "चटका लागस का रे भाऊ?" "नही माय." "आते?" "नही." म्हणून तिनं वीट आणखी तापवली. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर मांडीवर वाटीएवढाले फोड, आणि उखा वर आढ्याकडं बघत गूळपाणी पितोय. जमनाबाईनं ते फोड पाहिले आणि भिंतीला धरून खालीच बसली. फोड यावेत आणि माणसाला समजू नये, हे तिच्या एवढ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

लघवी तुंबली. पोट भरलेल्या मोटेसारखं टम्म झालं. आणि मग ती आपोआप गळायला लागली, थांबेचना. धनुबाई फडकी बदलायची, धुवायची, वाळायच्या आत पुन्हा ओली. उखा तोंड भिंतीकडं करायचा. तापीला तिनं मामाकडं पाठवून दिलं.

शेवटी भटूनं गाडीत वैरणीची गादी केली. पोटफुगीनं काळवंडलेल्या उखाला तीत घालून चौघंही नंदुरबारला निघाले.

स्टेशनाकडच्या रस्त्यावर डॉक्टर पेंडशांचा दवाखाना होता. पुण्याकडचा तरुण माणूस, इकडची बोली समजायची पण बोलता यायची नाही. त्यांनी पहिल्यांदा रबरी नळीनं लघवी काढली. पोट उतरलं तसा उखानं मोठा श्वास सोडला. मग त्यांनी कोटाच्या कॉलरची टाचणी काढली.

"डोळे मिटा, पाटील. टोचलं की हं म्हणायचं."

गळ्याखाली टोचलं. "हं." छातीवर. "हं." फासळ्यांवर एकेक करत खाली. "हं. हं." बेंबीपर्यंत हुंकार आला आणि बेंबीशी थांबला. डॉक्टर टोचत खाली गेले. ओटीपोट, जांघ, मांडी, गुडघा. खोलीत नुसती टाचणीवाल्या हाताच्या बाहीची सळसळ. उखा डोळे मिटून वाट बघत होता, कधी टोचतात याची.

"टोचा ना डॉक्टर," तो म्हणाला.

डॉक्टरांनी टाक घेतला आणि बेंबीवरून, अंगाभोवती, आडवी शाईची रेघ ओढली.

"ह्या रेघेच्या वर तुम्ही आहात," ते म्हणाले. "खालचं अंग आहे, पण तुमच्याशी बोलणं तुटलंय त्याचं."

भटूला काही उमगेना. तेव्हा डॉक्टरांनी त्यालाच पाठमोरा उभा केला आणि त्याच्या पाठीवर बोट ठेवून सांगितलं. डोक्यातून एक जाड दोर निघतो, कण्याच्या पोकळीतून खाली उतरतो. मण्यामण्याशी त्यातून दोन शिरा बाहेर पडतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. मानेतल्या शिरा खांद्यांना आणि हातांना जातात. छातीच्या मण्यांतल्या शिरा फासळ्यांना, पोटाला. बेंबीपाशी जी येते ती इथली. कमरेतल्या शिरा जांघेला, मांडीला, मग गुडघ्याला, मग नडगीला, अंगठ्याला. त्याखालच्या शिरा टाचेला, पोटरीच्या मागच्या बाजूला. आणि सगळ्यात शेवटच्या शिरा बैठकीला, लघवीला, शौचाला.

"बैठक अंगठानाबी मांगून?" न राहवून धनुबाईनं पदराआडून विचारलं.

"अंगावर पाहिलं तर वर, बाई. पण मण्यांच्या रांगेत तिचा नंबर सगळ्यात शेवटचा."

"म्हंजे मोटना पाट शे," भटू हळूच म्हणाला. "आनि ठाईठाई फोडेल तोंड. ज्यान्हा त्यान्हा वाफाले ज्यान्हं त्यान्हं पाणी."

"तसंच समजा. फरक एवढाच की ह्या पाटातून हुकूम खाली जातो आणि खबर वर येते."

"मंग पाट मजारमा फुटना तर..."

"खालचे सगळे वाफे कोरडे."

 भटू खाली बघत आपल्या हाताचे तळवे एकमेकांवर घासत राहिला.

डॉक्टर उखाच्या उशाशी आले. "पाटील, एक नीट आठवून सांगा. पडल्या पडल्याच पाय गेले, की आधी हालत होते आणि मग गेले?"

 धनुबाईनं उखाकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघत नव्हता.

"पडनू तवढामाच गयात," उखा म्हणाला. "जागावरच."

"नक्की?"

"माले नही माहीत, मंग कोणले? मन्हाच पाय व्हतात ना त्या?"

डॉक्टरांनी मान हालवली. टाचणी परत कॉलरला लावली. "मग दोर तेव्हाच तुटला. पाय आधी जिवंत असते, नंतर गेले असते, तर वेगळं. मग दोर नुसता दबला असेल, सुजला असेल, असं म्हणता आलं असतं. मी उद्याच्या गाडीनं मुंबईला पाठवलं असतं. तिथं पाठ उघडून मणी दूर करतात, कधीकधी उपयोग होतो. पण जागीच गेले म्हणता..." त्यांनी भटूकडं वळून सांगितलं, "घरी न्या. कुशी बदलत राहा."

जमनाबाई भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, तिनं तोंडात पदर कोंबला. भटू वैरणीच्या काड्या झटकत उठला. उखा छताकडं बघत होता. तो आता बोलेल, ती वाट बघत होती. मुंबई ऐकल्यावर तरी बोलेल. पण त्यानं ओठ असे मिटले होते की ते उघडणारच नाहीत.

"हालेत," धनुबाई म्हणाली.

"काय?"

"पाय हालेत. अंगठा हालना व्हता, मन्हा हातमा. मंग मी पाठवर पाय दिधा. मी पायाळू शे. पाय दिधा, आनि मंग बंद पडनात."

पदर कधी खांद्यावर आला तिला कळलं नाही. परक्या पुरुषासमोर, थोरल्या दिरासमोर ती उघड्या तोंडानं उभी होती.

"खोटं बोली ऱ्हायनी ती," उखा ओरडला. "बाईमाणूस शे, भेमकाई गयी!"

पण डॉक्टरांनी टाचणी पुन्हा काढली होती. सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी एकट्या धनुबाईला ठेवलं, उखाला कुशीवर धरायला. दोर थोडा जरी शाबूत असेल, ते म्हणाले, तर शेवटच्या शिरांत कुठंतरी धुगधुगी उरते. खालच्या एखाद्या वाफ्यात ओल राहावी तशी. त्यांनी टाच टोचली. अंगठा टोचला. मग सगळ्यात शेवटची जागा, बैठकीची. दोन्ही बाजूंनी, पुन्हा पुन्हा, सावकाश. धनुबाईनं उखाचा खांदा आवळून धरला होता आणि मनातल्या मनात त्याच्याऐवजी तीच हं हं म्हणत होती.

उखा काही म्हणाला नाही. डॉक्टरांनी टाचणी टेबलावर ठेवून दिली.

"मुंबई?" तिनं विचारलं.

"आता नाही, बाई."

"मन्हा पायघाई व्हयनं का?" तिनं आपल्या टाचेकडं बोट केलं.

डॉक्टर बराच वेळ हात धूत राहिले. "पडल्यानं झालं असेल. उचलताना झालं असेल. नाहीतर..." ते थांबले. "बाहेरून सांगता येत नाही. खरंच नाही येत."

कुणीतरी हो म्हणालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. नाही म्हणालं असतं तरी.

 परतीच्या वाटेवर तापीचा काठ दिसायला लागला तेव्हा जमनाबाईनं विचारलं, "अंगठा हालना व्हता, ते तुले माहीत व्हतं. तरी पाय दिधा?"

"हा, माय."

जमनाबाई उठली, चालत्या गाडीत तोल सावरत पुढं गेली आणि भटूच्या शेजारी, सुनेकडं पाठ करून बसली.

मग उखा बोलला, अगदी हळू. "मी खोटं बोलनू ते तुले समजनं नही का?"

"समजनं."

"मंग काब्र बोलनी?"

"मुंबई म्हणे ना तो."

"आते मुंबई बी गयी आनि तुन्हं नाव बी गयं." त्यानं डोळे मिटले. "एक तरी वाचाडं व्हतं मी."

गावात ते पसरायला गाडीचे बैल सोडेपर्यंतचा वेळ लागला. नदीवर बायका तिच्यापासून घागरी अंतरावर ठेवायला लागल्या. तिच्या पायांकडं बघायच्या, आणि तिनं बघितलं की नजर पाण्यात. जमनाबाई तिच्याशी बोलायची थांबली. ताटली सरकवायची, फडकी पुढं टाकायची, शब्द नाही. भटूनं जुन्या नाड्याचे दोन तुकडे चुलीत घातले आणि नवा नाडा लावून एकटा मोट हाकू लागला. तोही तिच्याशी बोलेना, पण त्याचं कारण वेगळं होतं. एकदा तिनं त्याला थारोळ्याच्या आड रडताना पाहिलं होतं.

तरीही एक दिवस दोधू पाटील पुन्हा वाकून दारात आला. आता तर काठीही धड धरवत नव्हती.

"माय, माले तरी दे. मन्हं काय उरनं आते जावाले?"

"बाबा, मी पाय सोडी दिधा."

"मरी जासू तरी तुन्हं नाव लेवाव नही. दे व."

तिनं दार लोटलं. म्हातारा बराच वेळ बाहेर कण्हत उभा होता, मग काठी टेकत गेला. धनुबाई दाराआड बसून आपल्या टाचेकडं बघत राहिली.

शाईची रेघ तिनं पहिल्याच आंघोळीत पुसली होती. पण ती तिला दिसायचीच. वर घाम यायचा, खाली अंग कोरडं. वर माशी बसली की उखा हाकलायचा. खाली बसली तर ती हाकलायची. त्याची छाती पूर्वीसारखीच रुंद आणि दंड तर जास्तच भरलेले, कारण आढ्याला बांधलेल्या दोराला धरून तोच अंग उचलायचा. मांड्या मात्र दिवसेंदिवस वाळत चालल्या, पाणी न मिळालेल्या मिरचीच्या देठांसारख्या.

होळीच्या सुमाराला एक दिवस ती फडकं बदलत होती आणि उखाचा उजवा पाय उडाला. गुडघ्यात वाकला, तिच्या हातावर आपटला, थरथरला आणि पडला.

जमनाबाईनं ते पाहिलं. तिनं अशी किंकाळी फोडली की शेजारपाजार गोळा झाला. "हालना! मन्हा उखाना पाय हालना व माय!" ती घरात पळाली, गुळाचा खडा आणून येईल त्याच्या हातावर ठेवू लागली. हसत होती, रडत होती. दारात भटू आला, तोंडाचा आ करून उभा राहिला. पुन्हा पाय उडाला. बायकांनी हात जोडले.

"मी काहीच नही करं," उखा म्हणाला. त्याचा आवाज घाबरलेला होता. "मी हालाडाच नही. कोन हालाडी ऱ्हायनं त्याले?"

धनुबाईला आठवलं. निघताना दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टरांनी सांगितलं होतं: पुढं कधी पाय आपले आपण उडतील, भुलू नका. तुटक्या पाटाच्या खालच्या अंगाला जे पाणी साचलंय ते आपल्यातच हिंदकळतं. वरून हुकूम गेलेला नसतो, वर खबर येत नाही.

तिनं दारासमोरच्या कुंपणातला बाभळीचा काटा आणला आणि सगळ्यांसमोर तळव्याला टोचला. पाय सपकन मागं गेला. बायका ओरडल्या. "समजनं का?" तिनं उखाला विचारलं.

"काय?"

तिनं काटा दाखवला. टोकाला रक्ताचा ठिपका होता. उखानं तो पाहिला आणि तोंड फिरवलं. हळूहळू लोक निघून गेले, कुणी हातातला गूळ खाल्ला, कुणी तसाच उंबऱ्यावर ठेवला.

पण जमनाबाई गेली नाही. इतक्या दिवसांनी ती सुनेसमोर येऊन उभी राहिली. आणि खाली वाकली. म्हाताऱ्या सासूनं सुनेच्या उजव्या पायावर डोकं टेकवलं.

"ज्या पायघाई गयं, त्याच पायघाई येई. दे पाय. एकदाव दे, मन्ही माय."

धनुबाई मागं सरकली, भिंतीला लागली. "माय, उठा! पाप लागी माले!"

"लागू दे. माले लागू दे बठं. तू पाय दे."

"त्याघाई काही होवाव नही. मी आते पाय देवाव नही."

जमनाबाई तशीच जमिनीवर बसून राहिली. तिनं शाप दिला नाही, शिवी दिली नाही. त्या दिवसापासून ती रोज धनुबाई चुलीपुढं बसली की समोर येऊन बसायची आणि तिच्या पायाकडं बघायची.

चैत्रात उखाच्या बैठकीवर जखम झाली. कुशी बदलूनही झाली. आधी लाल, मग काळी, मग तळहात मावेल एवढी खोल. धनुबाई कडुनिंबाच्या पाण्यानं धुवायची. आत पांढरं दिसायचं. ती ओठ चावायची आणि उखा मिरचीचा भाव विचारायचा. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर बरं, असं तिला वाटायचं. निदान त्याचं आहे एवढं तरी कळलं असतं. मग ताप सुरू झाला. नंदुरबारहून भटूनं पावडर आणली, मलम आणलं. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा, आणि दर खेपेला उखा आणखी थोडा बारीक व्हायचा.

एका दुपारी ऊन कौलांवर चढलं होतं. उखाला तिनं जखमेला वारा लागावा म्हणून पालथा घातला होता. थारोळ्यापाशी घातला होता तसाच.

"पाठ दुखस," तो म्हणाला.

ती दचकली. "कोठे?"

"वर. खांदास्ना मजारमा. त्या दोरले धरी धरी ताठी गयी." मग तो हसला, जुनंच ओशाळं हसू. "दुखाले इतलीच जागा उरनी आते."

ती तेलाची वाटी घेऊन आली.

"तेल नको. पाय दे."

"नही."

"खाले नही म्हणत व. वर दे. आठे अजून मन्हं शे." त्यानं गाल उशीवर टेकवला. "तू गाडीमा बसनी तव्हयपासीन मी तुन्हाशी वाकडा बोलनू. आते माले राग नही. दे पाय, तापीनी माय."

धनुबाई उठली. घराच्या मधल्या खांबाला तिनं दोन्ही हातांनी धरलं, अंगाचा सगळा भार खांबावर घेतला. सवयीनं एक हात सोडून कपाळाला लावला, मग पुन्हा धरला. आणि उजवी टाच अलगद त्याच्या खांद्यांच्या मधोमध ठेवली. अंग तापानं भाजत होतं. तळव्याला गाठ लागली, ताठलेली, जिवंत. तिनं टाच फिरवली. उखानं आई गं म्हटलं, जसं सगळे म्हणतात तसं.

उंबऱ्यात जमनाबाई उभी होती. सून पाय देते आहे हे पाहून तिनं हात जोडले, डोळे मिटले, ओठ हालायला लागले. पाय नुसत्या वरच्या दुखण्यासाठी आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही.

"आठे समजस?" धनुबाईनं विचारलं.

"समजस. जोरमा दे."

तिनं पाय थोडा खाली घेतला. "आठे?"

"समजस."

आणखी एक मणी खाली. "आठे?"

"हा. समजस."

आणखी खाली. "आठे?"

उखा काही बोलला नाही. तो वाट बघत होता.

धनुबाईनं पाय परत वर घेतला.